गुडघ्याचा ‘मुका मार’ मुका राहू देऊ नका

‘मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल.’ आपल्याकडे बायकांच्या दुखण्यावर सगळ्यात जास्त वेळा दिला जाणारा निकाल कुठला असेल तर हा. न्हाणीघरात पाय घसरला, अंगणातल्या शेवाळावर आपटलात, गाडीवरून मागच्या मागे पडलात, निकाल ठरलेला. तो द्यायला डॉक्टर लागत नाही. सासूबाई देतात, शेजारच्या काकू देतात, औषधाच्या दुकानातला मुलगा देतो, आणि बऱ्याचदा आपण स्वतःच स्वतःला देतो. मग आंबेहळदीचा लेप, वरून क्रेप बँडेज, एक दुखण्याची गोळी, आणि बाई पाय ओढत ओढत पोळ्या लाटायला उभी!

आता खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हा निकाल बरोबरही निघतो. गुडघ्यावर पडलेल्या बहुतेकांचं हाड मोडलेलं नसतंच. पण जे थोडे उरतात, त्यांच्यातल्या काहींचं हाड अशा विचित्र जागी आणि अशा विचित्र रीतीने मोडलेलं असतं की साध्या फोटोतसुद्धा ते पटकन दिसत नाही. (एक्स-रेला आपण अजून फोटोच म्हणतो, मीही इथे तसंच म्हणणार आहे.) अशी मोडलेली हाडं वेळेत सापडली तर एखाद-दोन स्क्रूवर भागतं. उशिरा सापडली तर गुडघा जन्माचा अधू होतो. आणि माझं स्पष्ट मत असं आहे की या उशिराची किंमत पुरुषांपेक्षा बायका जास्त मोजतात. घरातला मुलगा गाडीवरून पडला तर त्याच रात्री जीप करून जिल्ह्याच्या गावी नेतात. आई पडली तर ‘सकाळपर्यंत बघू’. सकाळी आई उठून चहा टाकते, आणि मग तर प्रश्नच मिटतो!

सावलीत न दिसणारी भेग

गुडघा म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. वर मांडीचं हाड. त्याचं खालचं टोक दोन गोल उंचवट्यांचं, जणू शेजारी शेजारी दोन पालथ्या वाट्या. खाली नडगीचं हाड. त्याचं वरचं टोक सपाट, ओट्यासारखं. त्या ओट्यावर या दोन वाट्या फिरतात, मध्ये कूर्चेची गादी असते, आणि समोर झाकणासारखी आपली गुडघ्याची वाटी. सगळं एकमेकांना बांधून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट.

समोरची वाटी फुटली तर कळायला वेळ लागत नाही. गुडघा सुजतो, पाय सरळ उचलता येत नाही, फोटोत दोन तुकडे दिसतात. घोळ होतो तो मागच्या बाजूला.

फोटो म्हणजे शेवटी सावली. दिव्यासमोर दोन वाट्या एकीमागे एक धरल्या तर भिंतीवर सावली एकाच वाटीची पडते. मागची तडकलेली असली तरी भिंतीवर काही दिसत नाही. गुडघ्याचंही तसंच आहे. मांडीच्या हाडाच्या त्या गोल उंचवट्याचा मागचा निम्मा भाग कधीकधी उभा चिरून वेगळा होतो. समोरून काढलेल्या फोटोत पुढचा चांगला भाग मागच्या मोडक्या भागाला झाकून टाकतो. याला डॉक्टर लोक ‘हॉफा फ्रॅक्चर’ म्हणतात. जर्मनीतल्या आल्बर्ट हॉफा नावाच्या सर्जनने १९०४ साली त्याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. त्याच्याही आधी, १८६९ साली, फ्रीडरिक बुश नावाच्या जर्मन डॉक्टरने ते नोंदवलेलं होतं. म्हणजे दीडशे वर्षांपासून माहीत असलेलं फ्रॅक्चर आजही नजरेतून सुटतं. गुडघा वाकलेला असताना जोराचा दणका बसला की हे होतं. आणि आपल्याकडे वाकलेल्या गुडघ्यावर दणका कुणाला बसतो? दुचाकीवर बसलेल्याला!

दुसरा प्रकार नडगीच्या ओट्याचा. ओट्याचा मागचा कोपरा खचतो किंवा चिरतो. जोसेफ शॅट्झकर या कॅनडातल्या सर्जनने १९७९ साली ओट्याच्या फ्रॅक्चरचे सहा प्रकार सांगितले. अजूनही सगळे डॉक्टर तीच भाषा बोलतात. पण ती मांडणी साध्या फोटोच्या जमान्यातली. सीटी स्कॅन आल्यावर लक्षात आलं की मागच्या बाजूचं बरंच काही फोटोत सुटत होतं. मग २०१० मध्ये चीनमधल्या शांघायच्या सर्जन मंडळींनी ओट्याचे आतला, बाहेरचा आणि मागचा असे तीन खांब कल्पून सीटीवरून विचार करायची रीत सुचवली. खांब कुठला पडलाय हे कळलं तर टेकू कुठे द्यायचा ते कळतं. घर बांधलेल्या कुठल्याही बाईला हे वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रकार आपल्या रस्त्यांवर फार होतो. गुडघ्याच्या आत मागच्या बाजूला एक जाड दोर असतो, नडगीला मागे सरकू न देणारा. मोटारसायकलवरून पडताना नडगीवर समोरून मार बसला की हा दोर तुटण्याऐवजी ज्या हाडाला तो बांधलेला आहे त्याचाच कपचा उखडून येतो. खुंटी मोडत नाही, भिंतीचा गिलावाच निघून येतो, तसं. समोरच्या फोटोत हा कपचा सहज हुकतो. बाजूने काढलेल्या फोटोत नीट पाहिलं तर दिसतो.

चौथा प्रकार दिसायला अगदी किरकोळ. ओट्याच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी हाडाची टिकली सुटलेली असते. ‘एवढंसं तर आहे!’ म्हणून सोडून देतात. पण ही टिकली म्हणजे निरोप आहे. ती दिसली की आतला पुढचा दोर तुटलेला असण्याची शक्यता फार मोठी असते, आणि तो पाहायला एमआरआय लागतो. पॅरिसच्या पॉल सेगाँ या सर्जनने ही टिकली १८७९ मध्ये शोधली, तीही मृतदेहांवर प्रयोग करून. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे फोटो नसतानाही ज्याने हात लावून आणि डोकं चालवून पाहिलं त्याला ते सापडलं. आज फोटो आहे, पण बघायला फुरसत नाही, असं व्हायला नको.

आणि पाचवा प्रकार खास आपल्या वयाचा. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात. पडणं नाही, झडणं नाही, जिना उतरताना किंवा उकिडवं बसून उठताना गुडघ्यात मागे ‘कट’ झालं आणि त्या दिवसापासून पाय टेकवेना. कधी गादीचं मूळ उखडतं, कधी कूर्चेखालचं हाड दबून बारीक भेग पडते. फोटो स्वच्छ. डॉक्टर म्हणतात झीज आहे, घरचे म्हणतात वय झालं. पण झीज एका दिवसात होत नाही हो! ‘अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक करताना दुखायला लागलं’ असं जर तुम्हाला सांगता येत असेल, तर ती झीज आहे असं परस्पर मानू नका. एमआरआयमध्ये ही भेग दिसते. तिला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, पायावर भार न देता राहणं लागतं. तेच तर आपण करत नाही.

पाच प्रश्न, घरच्या घरी

आता तुम्ही विचाराल, मग काय, गुडघा आपटला की लगेच शहरात धावायचं? सीटी आणि एमआरआयच्या रांगेत उभं राहायचं? मुळीच नाही. तपासण्या लिहून देण्यामागे कुणाचं काय हित असतं, ‘कट’ कुणाला जातो, याबद्दल आपल्या लोकांच्या मनात जी शंका आहे ती काही हवेतून आलेली नाही. म्हणूनच कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९५ साली केलेलं एक काम मला फार आवडतं. गुडघ्याचे निष्कारण फोटो कमी व्हावेत म्हणून त्यांनी पाच साधे प्रश्न ठरवले. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर फोटो काढायचा, पाचही ‘नाही’ असतील तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता अगदी कमी.

एक : वय ५५ किंवा त्याहून जास्त आहे का?

दोन : गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बारीक हाडाचा जो गुंडा हाताला लागतो, तिथे दाबल्यावर दुखतं का?

तीन : बाकी हाडं दुखत नाहीत, पण नेमक्या वाटीवर दाबल्यावर दुखतं का?

चार : गुडघा काटकोनापर्यंत, म्हणजे खुर्चीवर बसल्यासारखा, वाकवता येत नाही का?

पाच : पडल्या पडल्या आणि नंतर दवाखान्यातही, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत का? लंगडत टाकलेली पावलंही चालतात.

हे कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. पाचवा प्रश्न तर सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महत्त्वाचा. चार पावलं. पण तिथेही आपली एक खोड आड येते. आपण भिंत धरून, दात-ओठ खाऊन, पोरीच्या खांद्यावर भार टाकून चार पावलं चालून दाखवतो, आणि वर ‘बघा, चालतेय ना मी!’ म्हणतो. डॉक्टरांपुढे शूरपणा कशाला?

सूज कधी आली हेही लक्षात ठेवा. पडल्यावर दोन-तीन तासांतच गुडघा फुगून टम्म झाला असेल तर आत रक्त साचलंय असं समजायचं. दुसऱ्या दिवशी हळूहळू आली असेल तर बहुधा नुसतं पाणी. डॉक्टर सुईने ते रक्त काढतात तेव्हा भांड्यात पाहा. रक्तावर तेलाचे थेंब तरंगताना दिसले तर हाड नक्की कुठेतरी आतून मोडलंय, कारण ते तेल हाडाच्या आतल्या मगजातलं असतं. आमटीवर तवंग दिसला की फोडणी पडलीय हे जसं सांगावं लागत नाही, तसंच हे. फोटोत भेग दिसत नसली तरी तवंग खोटं बोलत नाही.

आणि फोटो काढायचाच तर निदान दोन बाजूंनी, एक समोरून आणि एक बाजूने. अर्धा गुडघा पाहून पूर्ण निकाल देता येत नाही. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून मोबाइलवर तिचा फोटो काढायचा आणि पुण्याच्या भाच्याला पाठवायचा, हा प्रकार तर आता घरोघरी चालतो. भाचा बिचारा दातांचा डॉक्टर असतो! तो ‘ठीक वाटतंय’ लिहितो आणि आपण निश्चिंत होतो. अहो, फोटो पाहणं म्हणजे निम्मी तपासणी. दुसरी निम्मी डॉक्टरच्या हातात असते, गुडघ्यावर हात फिरवून, दाबून, हलवून पाहण्यात.

एक नियम मात्र मी मैत्रिणींना नेहमी सांगते. फोटो स्वच्छ, पण पाय टेकवत नाही आणि गुडघा टम्म, असं असेल तर फोटोवर नाही, पायावर विश्वास ठेवा. अशा वेळी ‘सीटी करायचा का?’ हे आपणच विचारायचं. आणि डॉक्टरांनी स्वतःहून लिहून दिला तर एक प्रश्न विचारायचा, ‘या स्कॅनने माझा उपचार बदलणार आहे का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. समोर बसवून समजावतो.

तीन आठवड्यांची किंमत

आमच्या भागातल्या एका अंगणवाडी सेविकेचं उदाहरण देते. मीटिंगहून परत येताना त्या मोटारसायकलवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. साडीत दुसरं कसं बसणार? गाडी खड्ड्यात गेली, घसरली, गुडघा आपटला. गावात समोरून एकच फोटो निघाला. ‘हाड शाबूत आहे, मुका मार.’ पाय सुजलेला, तरी चौथ्या दिवशी त्या अंगणवाडीत हजर, कारण रजा टाकली तर मानधन कापलं जाईल ही धास्ती. मध्ये कुणीतरी हाडवैद्याकडे नेलं, त्याने चोळून दिलं. तीन आठवड्यांनी गुडघा आतून हलतोय म्हणून त्या स्वतःच जिल्ह्याच्या गावी गेल्या, तेव्हा बाजूने फोटो आणि सीटी झाला. मागचा कपचा उखडलेला आणि वर सरकलेला.

पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर गुडघ्याच्या मागून छोटा छेद घेऊन, कपचा जागेवर बसवून, साधारण एका स्क्रूचं काम होतं. तीन आठवड्यांनी तो कपचा आक्रसलेला, आजूबाजूला जून धरलेला. ऑपरेशन झालं, पण मोठं झालं. आज त्या चालतात. मात्र जिना उतरताना कठडा लागतो आणि मुलांबरोबर सतरंजीवर मांडी घालून बसता येत नाही. ज्या बाईचं कामच लहान मुलांत खाली बसण्याचं, तिची मांडी गेली. हे नुकसान कुठल्या कागदावर येतं?

यात दोष कुणाचा ठरवायचा? एका फोटोवर निकाल देणाऱ्याचा आहेच. पण रजेला घाबरायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे, हाडवैद्याकडे नेणाऱ्यांचा आहे, आणि ‘बाईचा पाय थांबू शकतो’ असं गृहीत धरणाऱ्या सगळ्या घराचा आहे. हाडवैद्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे, ते मला ठाऊक आहे. पण सांध्याच्या आत मोडलेलं हाड चोळून बसत नाही, सरकतं. इथे भिडेला जागा नाही.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

‘पायात लोखंड घालतात’ एवढंच आपल्याला माहीत असतं, आणि भीतीही त्याचीच. लांब हाड मोडलं तर थोडं वाकडं जुळलं तरी काही वेळा निभावतं. सांध्याच्या आतलं हाड मात्र पाट्यासारखं असतं. पाट्याला एका जागी खोबण पडली की वाटण तिथेच अडकतं. तसाच ओट्याचा पृष्ठभाग खचलेला राहिला तर गादी आणि कूर्चा घासून घासून काही वर्षांत सांधा जातो. म्हणून तो सपाट करणं आणि घट्ट धरून ठेवणं हा ऑपरेशनचा हेतू.

हॉफा प्रकारात तुकडा दोन-तीन स्क्रूंनी दाबून धरतात, चुरा झाला असेल तर मागून पट्टी लावतात. हे फ्रॅक्चर फारसं सरकलेलं नसलं तरी पुष्कळ सर्जन ऑपरेशनच सुचवतात. कारण गुडघा वाकला की तुकडा निसटतो, प्लास्टर त्याला धरू शकत नाही, आणि त्या मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठाही बेताचा असल्याने तो न जुळण्याची भीती असते. ओट्याचा भाग खचला असेल तर तो खालून उचलतात, पोकळीत कमरेच्या हाडातून काढलेला किंवा कृत्रिम भराव घालतात आणि पट्टी-स्क्रूचा टेकू देतात. उलट, ओट्याची भेग जागच्या जागी असेल, सांधा स्थिर असेल, तर पट्टा बांधून, भार न देता, ऑपरेशनशिवायही काम होतं. म्हणजे सगळ्यांना चाकू लागतो असं नाही. कुठल्या प्रकाराला लागतो हे ठरवण्यासाठीच तर नेमकं निदान पाहिजे.

कधी डॉक्टर म्हणतात, ‘सूज उतरू दे, आठ-दहा दिवसांनी करू.’ तोवर बाहेरून सळया लावून पाय ताणून ठेवतात. नातेवाइकांना वाटतं, बिल वाढवतायत. तसं नसतं. ताणलेल्या, फोड आलेल्या कातडीवर छेद दिला तर जखम भरत नाही, पू होतो. इथे थांबणं हाच उपचार.

पण एका गोष्टीत एक तासही थांबायचं नाही. पोटरी दगडासारखी कडक झाली, दुखणं औषधालाही दाद देत नाही, पायाची बोटं दुसऱ्याने हलवली तरी जीव जातो, पाऊल बधिर किंवा गार पडलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आतल्या सुजेने किंवा रक्तवाहिनी दबल्याने पाय जाऊ शकतो. घट्ट बांधलेलं बँडेज असेल तर सैल करा, आणि चोळू तर अजिबात नका.

खरं ऑपरेशन घरी असतं

सर्जनचं काम दोन-तीन तासांचं. पुढचे तीन महिने घराचे असतात, आणि बायकांचे गुडघे बिघडतात ते बहुतेक इथे. ऑपरेशननंतर गुडघा लवकर वाकवायला सुरुवात करायची असते, नाहीतर तो आखडतो. पण त्या पायावर भार द्यायचा नसतो, फ्रॅक्चरप्रमाणे साधारण सहा ते बारा आठवडे. हे दोन्ही एकदम कसं? वाकवायचं, पण टेकायचं नाही! घरच्यांच्या नेमकं उलट लक्षात राहतं. गुडघा ताठ ठेवून बाई पंधराव्या दिवशी ओट्यापाशी उभी.

पुरुष पायाला पट्टी बांधून पलंगावर बसला की सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. बाई बसली की भाजीची टोपली तिच्या मांडीवर येते, ‘बसल्या बसल्या एवढं निवडून टाका’. टोपलीचं मला काही नाही, मेथी निवडून गुडघा बिघडत नाही. पण टोपलीमागून ‘जरा गॅस बंद करता का’ येतं, त्यामागून ‘दाराशी कोण आलंय बघा’. सूनबाई, जाऊबाई, लेक, नवरा, सगळ्यांना सांगते, तिला उठवू नका. आणि तिलाही सांगते, हाक आली म्हणून उठू नका. स्क्रू काही जन्मभर ओझं पेलायला बसवलेला नसतो. हाड जुळेपर्यंत तो नुसता धरून ठेवतो. हाड जुळायच्या आत त्याच्यावर घराचा भार टाकला तर तो वाकतो किंवा मोडतो.

न्हाणीघरात कमोडची खुर्ची आणा. वॉकर भाड्यानेही मिळतो. फिजिओथेरपी हा शहरी लाड नाही, ऑपरेशनचाच उरलेला अर्धा भाग आहे. रोज जाणं जमत नसेल तर निदान व्यायाम शिकून घ्या आणि घरच्या कुणाला तरी शिकवा. आणि वय पन्नाशीपुढे असेल, साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि त्यावरचे उपचार विचारल्याशिवाय दवाखाना सोडू नका. आज गुडघा, उद्या खुबा, असं व्हायला नको.

पैशाचं काय?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी लिहिला असला तरी घरात तो सगळ्यात आधी विचारला जातो, हे मला माहीत आहे. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ मध्ये राज्य सरकारने तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सगळ्या रहिवाशांना लागू करण्याचा निर्णय घेतला. हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया या योजनेत आहेत. योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो. भरती होण्याआधीच त्याला गाठा, आपलं ऑपरेशन बसतं का, कुठली कागदपत्रं लागतात, स्कॅनचं काय, हे विचारा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्ड कुठे ठेवलंय हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. अपघाताच्या रात्री ते शोधण्यात पहाट होते.

अर्थात योजना कागदावर असून भागत नाही. जिल्हा रुग्णालयातलं सीटी मशीन चालू आहे का, आणि रात्री ते चालवायला माणूस आहे का, हे कोण विचारणार? गावच्या रस्त्याच्या खड्ड्यांवर आपण मोर्चे नेतो. त्याच खड्ड्यात पडलेल्यांचा गुडघा नीट तपासला जावा म्हणून बचत गटाच्या बायकांनी एक निवेदन द्यायला काय हरकत आहे? मोठी मागणी नाही ही. दोन बाजूंनी फोटो, चालू असलेलं मशीन, आणि शंका असेल तर लगेच पुढे पाठवणारी चिठ्ठी.

डॉक्टर मंडळींनाही एक विनंती. ‘मुका मार’ म्हणायला हरकत नाही, पण त्याच्यापुढे एक वाक्य जोडा : ‘पाच-सात दिवसांत पाय नीट टेकवला नाही तर परत या, पुन्हा पाहू.’ हे वाक्य कागदावर लिहून द्या. कारण आमची बाई एकदा ‘काही नाही’ म्हटलं की पुन्हा येत नाही. तिला वाटतं, डॉक्टरांचा वेळ घेतला, घरच्यांचे पैसे घालवले, आता दुखलं तरी बोलायचं नाही. ती लेप लावते आणि गप्प बसते.

म्हणून मैत्रिणींनो, एवढंच करा. आज ना उद्या घरातलं कुणीतरी पडणारच. सासूबाई पडतील, वहिनी पडेल, तुम्ही पडाल. तेव्हा ‘काही नाही झालं’ म्हणायच्या आधी ते पाच प्रश्न विचारा आणि चार पावलं चालून बघा. कुणाचा हात न धरता, खरी खरी. नाही जमलं तर उठून पोळ्या लाटायला जाऊ नका. एक दिवस पोळ्या बाहेरून आणल्या तरी चालतील, गुडघा काही बाहेरून आणता येत नाही. आणि उद्या कुणी म्हणालंच, ‘इतका कसला बाऊ करतेस?’ तर शांतपणे सांगा, ‘बाऊ नाही, दुसऱ्या बाजूनेही फोटो काढून घेतेय.’